बेळगावला क्लास असतो

पहिल्या दिवशी मी वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मागचा बाक, भिंतीकडची बाजू. पोरं-पोरी एकेक करून येत होती आणि मला बघून दारातच जरा थबकत होती. एका पोरीनं तर विचारलंच, "म्याडम, क्लास आता सुरू करणार ना?" शिकवायला मीच आलेय असं तिला वाटलं. मी नुसती मान हलवली. तिनं त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे, पण ती पुढच्या बाकावर ताठ बसली.

थोड्या वेळानं खरे शिकवणारे सर आले. दाढी राखलेले, हातात लॅपटॉप. हजेरी घ्यायच्या आधी त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, ती माझ्यापाशी अडली, आणि लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून ते थेट माझ्या बाकाशी आले.

"बाई, तुमी? इथं कसं काय? मुलीच्या अ‍ॅडमिशनला आलाय व्हय?"

आवाजावरून मी त्याला ओळखलं. निपाणीत माझ्या टायपिंगच्या क्लासला होता तो. तेव्हा काडीसारखा होता आणि दाढीही नव्हती. मी सांगायच्या आत तो म्हणाला, "इथं कशाला बसलाय, ऑफिसात चला, चहा सांगतो."

"न्हाय," मी म्हणाले. "यादीत माझंच नाव हाय."

सगळा वर्ग मागं वळून बघत होता. तो एक पाऊल मागं सरला. मग "बरं बरं, बसा बाई, बसा," म्हणाला. मी बसलेलीच होते. तो पुढं गेला, हजेरी घेतली, आणि त्या तासात एकदाही त्यानं माझ्या कोपऱ्याकडं बघितलं नाही. माझी लाज त्याच्या ध्यानात आली होती, आणि ती ध्यानात आल्याचं मला दिसू नये म्हणून तो धडपडत होता. मला ते दिसत होतं, आणि त्यानं मी आणखीच अंग चोरून बसले.

मी बाई होते, म्हणजे काय होते, ते आधी सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत पलीकडच्या टोकाला विहार आणि अलीकडं आमची घरं. माझी आई जन्मभर बिड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आमच्याकडच्या बायकांना लोक नावानं नाही तर "ए" म्हणून हाक मारायचे. मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, इंग्रजीची आणि कन्नडची, आणि बाजारपेठेच्या मागं एका खोलीत क्लास काढला. वखारवाल्यांची पोरं, सावकारांच्या पोरी, सगळी त्या खोलीत येऊन मला बाई म्हणू लागली. रस्त्यात भेटली तरी बाई. पुढं त्यांचे आईबाप बाई म्हणू लागले. गावात आईला लोक "बाईंची आई" म्हणून ओळखायला लागले, आणि आई तेव्हापासून बाजाराला जाताना इस्त्रीचं लुगडं नेसायला लागली.

मी कडक होते. बोटांवर पुठ्ठा धरायचे, म्हणजे पोरांना बटणांकडं बघता येऊ नये. ज्याची तयारी झालेली नाही त्याचा परीक्षेचा फॉर्म मी पाठवत नसे, मग कुणी कितीही गयावया करो. माझ्या क्लासचा निकाल गावात वाखाणला जायचा. ही गोष्ट मी पुढं कितीतरी वर्षं कौतुकानं सांगत आले.

मग कॉम्प्युटर आले. मशिनवरच्या परीक्षाच कमी होत गेल्या. काही वर्षं मी दोन कॉम्प्युटर ठेवून तग धरला, पण पोरं मोबाइलवरच टाइप करायला शिकून येत होती. शेवटी मशिनं भंगारवाल्यानं नेली. टेम्पोत चढवताना एका मशिनची घंटी वाजली, तेव्हा मी आत निघून गेले. त्यानंतर एका हायस्कूलच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचं काम तेवढं उरलं. त्या शाळेचे मुख्याध्यापक एके दिवशी म्हणाले की, कॉम्प्युटरच्या खोलीत आता नेटवर्क बसवलंय, ते सांभाळायला माणूस ठेवायचाय, तुम्ही नेटवर्किंगचा कोर्स करून सर्टिफिकेट आणलंत तर आधी तुमचाच विचार करू. सरकारी योजनेतला कोर्स बेळगावात होता. वयाची अट नव्हती. नवरा म्हणाला, जा की. मुलगी कॉलेजला होती. ती म्हणाली, मम्मी, तू फक्त माझ्या मैत्रिणींना स्टेटसवर वगैरे काही दिसू देऊ नको. चेष्टेत म्हणाली, पण मी ते लक्षात ठेवलं.

बायकांना बस फुकट झाल्यापासून सकाळच्या बेळगाव गाडीला पाय ठेवायला जागा नसते. आधार कार्ड दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं आणि जमेल तिथं उभं राहायचं. आमच्या वर्गातला एक पोरगा संकेश्वरला त्याच गाडीत चढायचा. उसाच्या ट्रॉलीवर बापाबरोबर काम करून तो हा कोर्स करत होता. कधी त्याला आधी जागा मिळाली तर तो उठून मला द्यायचा. वर्गात मला काय म्हणायचं हा पोरांना प्रश्नच होता. पहिले काही दिवस आँटी झालं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, म्हणून कडोलीकडची एक पोरगी, जी प्रॅक्टिकलला माझी जोडीदार होती, तिनं आक्का सुरू केलं, आणि मी सगळ्यांची आक्का झाले.

मला मात्र सरांना काय म्हणायचं ते शेवटपर्यंत जमलं नाही. ज्याला "हात सरळ ठेव रे" म्हणून ओरडले होते, त्याला अहो-जाहो करताना जीभ अडायची, आणि वर्गात अरे-तुरे करणं शोभत नव्हतं. मग मी वाक्यंच अशी करायचे की त्यात हाक नको आणि तू-तुम्ही नको. "हे परत एकदा सांगितलं तर बरं होईल." "इथली लाइट लागत नाही असं दिसतंय." जोडीदारीण एकदा हसून म्हणाली, "आक्का, तुमी सरांशी बोलताना बातम्या वाचल्यासारखं बोलताय."

शिकणं जमत नव्हतं असं नाही. जमत होतं, पण सावकाश. प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्या पत्त्यावर निरोप कसा जातो, वाटेत स्विच नावाचा डबा तो कसा पुढं देतो, हे मला गोष्टीसारखं समजायचं. पण समजलेलं हातातून निघायचं नाही. की-बोर्डवर माझी बोटं वीज चमकल्यासारखी चालायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोरं खुर्च्या ओढून भोवती आली. पण मी टाइप केलेली आज्ञाच चुकीची असायची. एका बोटानं शोधत शोधत बरोबर टाइप करणाऱ्या पोरांच्या स्क्रीनवर उत्तर यायचं आणि माझ्या स्क्रीनवर ओळीमागून ओळ चुका. हळूहळू खुर्च्या परत आपापल्या जागी गेल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे केबल. जाड वायरीचं वरचं आवरण सोललं की आत केसांसारख्या बारीक तारा असतात, त्यांच्या रंगांचा क्रम ठरलेला. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, आणि असंच पुढं. त्या क्रमानं त्या प्लास्टिकच्या टोपणात सरकवायच्या आणि पक्कडीनं दाबायच्या. मला पांढरा-नारंगी कुठला आणि पांढरा-तपकिरी कुठला तेच दिसायचं नाही. पर्समध्ये चाळीशी होती. घरी मी ती लावते. पण वर्गात काढायला हात होत नसे. आधीच मी त्यांच्या आयांच्या वयाची, त्यात नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मग मी तारा खिडकीकडं धरून अंदाजानं लावायचे, आणि जोडीदारीण गुपचूप माझ्या हातातून घेऊन बदलून द्यायची. तीही काही बोलायची नाही.

इकडं गल्लीत वेगळंच चाललं होतं. एका सकाळी स्टँडवर शेजारणीनं विचारलं, "बाई, रोज कुठं?" मी म्हणाले, "बेळगावला क्लास असतो." शब्द खरे होते. ती म्हणाली, "व्हय की, एवढं शिकवायला आता निपाणीत काय राह्यलंय." मी तिला दुरुस्त केलं नाही. गाडी आली होती, हे एक निमित्त. संध्याकाळी परत आले तोवर ते आईपर्यंत पोचलं होतं. आईनं मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "सांग की त्येंला खरं काय ते, त्यात काय हाय?" त्याचं बरोबर होतं. पण आई त्या दिवसांत पुन्हा दारात बसायला लागली होती. क्लास बंद झाल्यापासून ती आतल्या खोलीतच असायची.

लग्नाच्या हंगामात आमच्या नात्यातलं एक लग्न संकेश्वरला होतं. मंडपात आई बायकांच्या घोळक्यात बसली होती आणि मी तिच्या शेजारी. ती ज्याला त्याला सांगत होती, माझी लेक बेळगावात कॉम्प्युटर शिकवती, रोज गाडीनं जाती. मी पदराशी चाळा करत होते. तेवढ्यात आमच्या वर्गातला तो संकेश्वरचा पोरगा हातात पाण्याचे ग्लास घेऊन आला. मांडववाल्याकडं त्या दिवशी वाढायच्या कामाला आला होता. मला बघून त्याला आनंद झाला. "प्रॅक्टिकलची तारीख लागली बगा," तो म्हणाला. "सरांनी ग्रुपवर टाकलंय."

आईनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "इद्यार्थी व्हय रं हिचा?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. ग्लासाकडं बघत राहिले. त्याला आधी काही कळलं नाही. मग आईच्या बोलण्यावरून, माझ्या खाली गेलेल्या मानेवरून त्याला कळलं असावं.

"व्हय आजी," तो म्हणाला. "बाईंचाच विद्यार्थी."

आणि वाकून आईला ग्लास दिला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नीट अभ्यास कर म्हणाली, आमची बाई लई कडक हाय म्हणाली. तो हो हो म्हणत पुढच्या रांगेकडं गेला. आजवर त्यानं मला कधी बाई म्हटलं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत तो माझ्या ताटात दोनदा वाढायला आला, आणि दोन्ही वेळा आम्ही अनोळखी माणसांसारखे वागलो. दुसऱ्या दिवशी गाडीत तो चढला तेव्हा मी त्याला काहीतरी सांगू लागले, तर म्हणाला, "आक्का, राहू द्या वो. म्हातारं माणूस खूश झालं, बास की." आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

परीक्षेला हुबळीहून परीक्षक आले होते. वयानं माझ्याएवढेच, कन्नडमधून बोलणारे. प्रत्येकानं एक केबल तयार करायची, दोन कॉम्प्युटर जोडून एकावरून दुसऱ्याला निरोप पोचतो का ते दाखवायचं, आणि तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची, असं होतं. केबल तयार झाली की तिला आपल्या नंबराची चिठ्ठी अडकवून टेबलावर ठेवायची. सर त्या गोळा करून परीक्षकांच्या टेबलावर नेत होते.

जोडीदारीण त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर होती. मी एकटी होते. चाळीशी पर्समध्ये आणि पर्स बाहेर कपाटात. आणायला गेले असते तर कुणी अडवलं नसतं. पण मी गेले नाही. तारा सोलल्या, चाचपल्या, उजेडाकडं धरल्या, लावल्या, दाबल्या. चिठ्ठी अडकवली. सर माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांनी केबल उचलून सहज आपल्या हातातल्या टेस्टरला लावली. टेस्टरवर एकामागून एक दिवे लागत जातात. माझ्या केबलला काही लागले, काही चुकले, काही लागलेच नाहीत.

त्यांनी ती काढली. परीक्षकांकडं त्यांची पाठ होती. भिंतीवरच्या हुकाला शिकवायच्या वेळी दाखवायची नमुन्याची केबल टांगलेली असे. तिच्यावर माझी चिठ्ठी आली आणि माझी केबल सरांच्या खिशात गेली. हे सगळं इतक्या पटकन झालं की बघितलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. पण मी बघितलं, आणि पलीकडच्या टेबलावरून जोडीदारणीनंही बघितलं. तिनं लगेच मान खाली घातली.

मला तिथंच बोलता आलं असतं. तोंड उघडलं नाही. परीक्षकांनी माझ्या नंबराची केबल लावली, सगळे दिवे ओळीनं लागले. त्यांनी तोंडी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मी बरोबर दिली, तीही त्यांच्या कन्नडमधून. ते खूश झाले. या वयात शिकताय हे फार चांगलं, असं काहीतरी म्हणाले, आणि "आयतु, होग्री" म्हणून मला मोकळं केलं. झालं, जा आता. 

सगळे गेल्यावर मी ऑफिसात गेले. सर एकटेच कागद लावत होते. त्यांनी खुर्ची पुढं केली. मी बसले नाही.

"ती केबल माझी नव्हती," मी म्हणाले.

"जाऊ द्या की बाई."

"मी परत बसते. पुढच्या वेळी."

त्यांनी कागद बाजूला ठेवले. परत बसायचं म्हणजे का, ते लिहून द्यावं लागेल, असं ते शांतपणे समजावून सांगू लागले. लिहून दिलं की चौकशी होणार आणि केंद्र बंद होणार, बाकीच्या पोरांचे निकालही अडकणार. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझा खरेपणा दुसऱ्याच्या पोटावर येणार होता. मग मला राग आला, आणि रागात मी जे बोलले ते आजही आठवलं की मान खाली जाते.

"मी आयुष्यात कधी कुणाला असं पास केलं नाही," मी म्हणाले.

ते हसले. वाईट हसले नाहीत. "मला म्हाईत न्हाय व्हय बाई? माझाच फॉर्म तुमी ठेवून घेतलाता की."

मला आठवेना. त्यांनी सांगितलं. बोटांकडं बघतोस म्हणून मी त्यांना त्या खेपेला बसू दिलं नव्हतं, पुढच्या खेपेला बघू म्हणाले होते. त्याच मधल्या काळात कोर्टात टायपिस्टच्या जागा निघाल्या. त्यांच्या आप्पांनी फार आशा धरली होती, कुणाकुणाला जाऊन भेटले होते. सर्टिफिकेट नव्हतं, त्यामुळं अर्जच करता आला नाही. पुढच्या खेपेला ते पास झाले, तोवर जागा भरल्या होत्या. मग पुण्याला गेले, केबल ओढायच्या कामावर राहिले, आणि तिथून हे सगळं.

"मग मला तेव्हा सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडून सरळ अरे-तुरे आलं.

"तुमाला कोण सांगणार? तुमी बाई हुता." ते टेबलावरचा पेन फिरवत होते. "राग न्हाय बाई. झालं ते बरंच झालं म्हणायचं. पर तवा कुणीतरी जरा डोळेझाक केली असती तर, असं लई दिवस वाटायचं. आज माझ्या हातात हुतं, म्हणून केलं."

मी खुर्चीत बसले. त्यांनी चहा मागवला. त्यांनी केलं ते बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण माझं बरोबर होतं असं म्हणायला तोंड उरलं नव्हतं. चहा झाल्यावर मी विचारलं, पुढच्या तुकडीत नुसती येऊन बसले तर चालेल का, परीक्षा नको, हजेरी नको. ते म्हणाले, या की. ते केंद्र आता तिथं नाही आणि सरही परगावी गेलेत, म्हणून हे लिहायला धीर झाला.

सर्टिफिकेट आलं. मुख्याध्यापकांना मी सांगितलं की माझी तयारी अजून झालेली नाही, दुसरं कुणी बघा. ते बुचकळ्यात पडले. सर्टिफिकेट हातात असताना तयारी नाही म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल. घरी नवऱ्यानं सर्टिफिकेट उलटून पालटून बघितलं. मग म्हणाला, "कागद हाय न्हवं? मग काय झालं?" मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याला ते पटलं नाही, आणि काही दिवस आमच्यात जेवणापुरतंच बोलणं होतं. ती जागा पुढं त्या संकेश्वरच्या पोराला मिळाली. शाळेचं नाव त्याला मीच सांगितलं होतं. त्यानं पेढे आणून दिले, घरी येऊन, आईच्या हातात. आई म्हणाली, बाईचा विद्यार्थी नोकरीला लागला.

त्यानंतर मी आईला सांगायचं ठरवलं. दुपारची वेळ होती, ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं की मी बेळगावला शिकवत नव्हते, शिकत होते, अजून शिकतेय, तो पोरगा माझा विद्यार्थी नाही, आम्ही एका वर्गात होतो. मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर जवळ घेईल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तांदळात बोटं तशीच ठेवून बसली.

"मला सांगितलंस, बास झालं," ती म्हणाली. "गल्लीत नको सांगू गं."

"का पण? शिकणं काय वाईट हाय?"

"वाईट कुठं म्हणती मी. पर बाईची आई म्हणत्यात मला. ते असू दे."

एवढं बोलून तिनं पुन्हा निवडायला सुरुवात केली. मीही समोर बसून निवडू लागले. माझ्या लाजेत ती आधीपासूनच वाटेकरी होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या तुकडीत मी चाळीशी लावून बसले. सुरुवातीला दोघातिघांनी बघितलं, मग सवय झाली. तारांचे रंग दिसायला लागले तसा हात बसत गेला. चुका व्हायच्या, पण आता कुठं चुकलं ते तरी दिसायचं. त्या तुकडीला दुसरेच एक सर शिकवायचे, ते मला बाई न म्हणता नुसतं "लास्ट बेंच" म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी निपाणीतच एका माणसाकडं काम मिळालं. तो दुकानं, पतसंस्था, दवाखाने यांच्यात नेटवर्क आणि कॅमेरे बसवून देतो. त्यानं सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. मी दिली. देताना क्षणभर हात मागं आला, पण दिली. आता मला केबल येते, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं, आणि तरी त्या कागदावर जे लिहिलंय ते खरं नव्हतं.

पहिल्यांदा एकटीला पाठवलं ते एका पतसंस्थेत. सकाळची गर्दीची वेळ. काउंटरवरचे कॉम्प्युटर बंद पडले होते आणि लोक खोळंबले होते. मी पंजाबी ड्रेस घातला होता, खांद्याला अवजारांची पिशवी. काउंटरवरच्या बाईनं माझ्यामागं दारात बघितलं.

"तुमचा माणूस कुठाय?" तिनं विचारलं.

"मीच आहे," मी म्हणाले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टेबलाखाली बोट दाखवलं. मी चष्मा लावला आणि गुडघ्यांवर खाली गेले. टेबलाखाली धूळ, कुणाच्या तरी चपला आणि वायरींचा गुंता होता. झाडताना एक केबल ओढली गेली होती, तिचं टोपण निघालं होतं. मी ती कापली, सोलली, तारा लावल्या, दाबल्या, खोचल्या. स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. वरून कुणीतरी म्हणालं, "आलं, आलं." प्रिंटर सुरू झाला. काउंटरवरची रांग हलली.

मी टेबलाखालून बाहेर निघणार, तेवढ्यात वरून ओळखीचा आवाज आला. आमच्या शेजारणीचा. पासबुक भरून मागत होती आणि आज एवढा वेळ का लागला म्हणून विचारत होती. काउंटरवरची बाई तिला सांगत होती, वायरवाली आलीय, खाली बसलीय, आता झालं बघा.

मी तिथंच थांबले. पिशवीतली पक्कड काढली आणि झालेल्या कामावर उगीच हात फिरवत राहिले. शेजारणीचा नंबर आला, पासबुक भरून झालं, तिनं कुणाची तरी चौकशी केली, मग तिचा आवाज दाराकडं गेला आणि रस्त्यावरच्या आवाजात मिसळला. त्यानंतरही थोडा वेळ मी खालीच होते. मग बाहेर आले, गुडघे झटकले, आणि काउंटरवरच्या बाईला काम झाल्याची सही मागितली.